कुठे लिहिलंय

रुवीला, करड्या डोंगराच्या पायथ्याशी
एकाच कुंपणात देवळं आमची.
फाटकातून इनास तुस्कानो डावीकडे वळतो, मी उजवीकडे.
शुक्रवार हाच इथला रविवार,
आणि हे कुठे लिहिलंय
ते दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

बाकी सगळं विचारतो.
बर्काच्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या मोजत,
"शुद्धिस्थान दाखव. कुठला अध्याय, कुठलं वचन?"
इनास कांदा चिरत राहतो. वसईचा आहे, घाई नाही.
मग म्हणतो, "उबाळे, तुझ्या पुस्तकाची अनुक्रमणिका
पुस्तकात कुठे आहे?
कुणीतरी बसून ठरवलंच ना,
हे आत, हे बाहेर?"
मी म्हणतो, सोनं पारखणारा सोनं घडवत नाही.
तो म्हणतो, मग पारखणाऱ्याला चोर तरी म्हणू नकोस.
त्याची त्र्याहत्तर, माझी सहासष्ट.
मधल्या सातांचा हिशेब
आमच्या डाळीत कसा लागावा?

एकदाच आवाज चढला माझा.
पोथीला ज्याची सावली चालत नव्हती
तो माझा पणजा, मिशनच्या शाळेत
बोट ठेवून ठेवून पहिली ओळ वाचला.
त्या बोटाच्या आणि ओळीच्या मधे
मला आता कुणी नको, इनास. पोपसुद्धा नको.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आमच्याकडे उलटं झालं.
फिरंगी गेले, पाद्री उरले हाताच्या बोटांवर,
वाचता कुणालाच येत नव्हतं.
भाताच्या लावणीत वाकलेल्या बायकांनी
तोंडातल्या तोंडात राखलं सगळं.
कागद नंतर आला.

आणि सकाळी प्लांटवर आम्ही धर्म बदलतो.
तिथे इनास डॉक्युमेंट कंट्रोलर:
लिहिलं नाही म्हणजे झालं नाही.
सही, तारीख, रिव्हिजन नंबर.
मी पंपांवर. मला घडवलं खल्फाननं,
जो मॅन्युअलवर फक्त चहाचा पेला ठेवायचा.
त्यानं माझा तळवा धरून
तीन नंबरच्या पोटावर टेकवला:
असा थरथरला, की समजायचं
समुद्र काहीतरी घेऊन येतोय.
त्याला हे त्याच्या मामानं दिलेलं, होडीच्या इंजिनावर.

त्या थरथरीवर मी एकदा पंप बंद केला.
अलार्म नव्हता, काटे सगळे हिरव्यात.
अर्ध्या तासानं जाळीतून
जेलीफिशचा लगदा निघाला, पोती भरभरून.
रिपोर्टात कारणाचा रकाना.
"लिही, खल्फानचा हात."
इनास पेन धरून बसला.
"आधार विचारतील," म्हणाला,
आणि मग आपलंच वाक्य ऐकल्यासारखा
माझ्याकडे बघत राहिला.

ऑक्टोबरात माझे वडील गेले, राहुरीला.
सुट्टीच्या अर्जावर सही होईपर्यंत माती झाली.
शुक्रवारी फाटकापाशी इनास थांबला,
"मिस्सा सांगू, त्यांच्या नावानं?"
गेलेल्यांसाठी मागणं. त्या सातांतल्या एकात आहे ते.
माझ्यात नाही.
मी म्हणालो, नको.
तो मान हलवून डावीकडे गेला.

आमच्याकडे पास्टरांनी सांत्वनाचं वाचलं,
नीट, संथ, एकही शब्द पदरचा नाही.
मी शोधत होतो त्यात वडिलांचा खोकला.

बाहेर पडलो तेव्हा तो उन्हात उभा.
"चिठ्ठी दिली नाही मी," म्हणाला. "नाव कुठेच लिहिलं नाही."
थोडं थांबून, "म्हणजे नोंद नाही."
डोळे त्याचे लाल होते.

मी काहीच विचारलं नाही.
टॅक्सीकडे जाताना
त्याचा हात माझ्या पाठीवर होता,
सपाट, पूर्ण तळवा टेकवून,
तीन नंबरवर ठेवतात तसा.