आक्षेप

झाशी रोडवरच्या ऑफिसात
मी दुसऱ्यांचे हिशेब तपासते.
पाटबंधारे, पाणीपुरवठा, मुरारचं एक गोदाम.
आकडा जुळत नाही
तिथे हिरव्या शाईने लिहिते: आक्षेप.
नऊ वर्षं झाली. हात बसलाय.

घरी एक छोटी डायरी आहे,
तिच्यात पेन्सिलीने माझ्या तारखा.
अठ्ठावीस, तीस, एकदा त्रेचाळीस,
मग एक महिना कोराच.
त्या महिन्यात आम्ही कम्पूच्या रस्त्यावर
प्रत्येक खड्ड्याआधी स्कूटर थांबवायचो.
पंचावन्नाव्या दिवशी कळलं, कुणी आलेलं नव्हतं.
शरीराने नुसतं कामकाज बंद ठेवलं होतं.

टेन्शन घेऊ नकोस, सगळे म्हणतात.
कुमुदमावशी म्हणतात, शेजारच्या टेबलावरचे भदौरियाजी म्हणतात,
दूधवालाही म्हणेल एक दिवस.
जणू मी ते ताटात वाढून घेते
आणि वर तूप मागते.
आता टेन्शन घेतल्याचंही टेन्शन येतं.
रात्री दोनला उठून तपासते,
मी शांत आहे ना?
निरंजन झोपलेला असतो,
एक हात उशीखाली, निर्दोष.

डॉक्टर तोमरबाईंनी रिपोर्ट उलटा करून
पाठीमागे एक डोकं काढलं, खाली पोट,
मध्ये रेघ.
"इथून तिथे निरोप जातात.
वरच धांदल असली
तर कधी निरोप निघत नाही, अंडं थांबून राहतं.
तुमचं तेच असेल? असेल. नसेलही.
मनावर ढकलून मी मोकळी होणार नाही.
थायरॉईड बघू. आणि यांचीही तपासणी."
निरंजनने खुर्ची मागे सरकवली.
फरशीवर जो आवाज झाला
तो मी अजून घेऊन फिरते.

"गेल्या वर्षात काही घडलं होतं?"
नाही, म्हटलं, विशेष काही नाही.
मार्चमध्ये बाबा गेले.
मार्चमध्ये आमच्याकडे रजा मिळत नाही,
पाचव्या दिवशी मी टेबलावर होते.
एकतीस तारखेला सगळी खाती बंद केली.
कुठली कुठली, ते तेव्हा पाहिलं नाही.
बाईंनी काही लिहिलं नाही.
पेनाला टोपण लावलं.

परतताना बाड्याजवळ गजकवाल्याशी थांबले, एकटीच.
दोन पोरं लाकडी हातोड्यांनी
तीळगूळ कुटत होती,
थर, घडी, पुन्हा घाव.
तीळ उष्ण, तुला चालायचे नाहीत, मावशींचं म्हणणं.
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला
माझ्या तळहातावर त्यांनी नुसती साखर ठेवली,
सगळ्याजणींदेखत.
मी पाव किलो गजक घेतली
आणि उभ्यानेच खाल्ली.
तिसऱ्या तुकड्याला आठवलं,
या ठोक्यांवर बाबा सायकलच्या हँडलला त्रिताल धरायचे,
समेला घंटी.
मग रडू आलं, अकरा महिन्यांच्या थकबाकीसकट,
नाक, डोळे, तीळ, सगळं एकत्र.
पोराने हातोडा थांबवला.
"मिर्च तो नहीं डाली, दीदी."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं लिहिणार नाही.
पुराव्याशिवाय मी काही मंजूर करत नाही.
डायरीत या महिन्याचं पान आहे,
पेन्सिल मात्र सापडत नाहीये, आणि मी फार शोधलीही नाही.
निरंजनने तपासणीसाठी मंगळवारची वेळ घेतली,
मग ती शुक्रवारवर नेली.
काल रात्री दोनला मी उठले
तर तो आधीच बसलेला.
म्हणाला, माझ्यात निघालं तर?

मला उत्तर आलं नाही.
दिवा लावला.
डब्यात गजकेचा चुरा उरला होता,
दोघांनी बोटं ओली करून
तो टिपून खाल्ला.