पहिली 'ब'चा तास

पाचपावलीच्या शाळेत सकाळी साडेसात,
डिसेंबरचा गारठा,
सात चेंडू एकवीस पोरांत.
त्यातला एक हवा गेलेला, तो कुणालाच नको.

'थपडा मारू नका रे त्याला,
बोटांनी ढकला.
आणि बघू नका सारखं त्याच्याकडे,
तो येतो परत.'
येत नाही. जातो
नालीत, गेटाखाली, चपराशाच्या सायकलीवर.

खरी रिंग दहा फुटांवर,
ती आभाळातलीच समजा.
आमची निंबाला बांधलीय सुतळीनं,
सायकलची जुनी रिम,
हिमांगीच्या डोक्यावर दीड हात.

हिमांगी पराते चेंडू टाकत नाही.
स्वेटरच्या आत घेऊन उभी आहे,
पोटाशी.
'टाक ना बे!' मागची रांग ओरडते.
'टाकला तं खालीच पडते, सर.
तुमच्या टोपल्याले बूडच नाही.'

वीस वर्षं शिकवतोय.
शिट्टी तोंडातून काढली,
'म्हणून तर...' म्हणालो,
आणि पुढचं सुचेना.

तेवढ्यात तिनं डोळे गच्च मिटून
दोन्ही हातांनी फेकला.
रिम थरथरली.
निंबाची दोन पिवळी पानं
चेंडूच्या मागून
सावकाश खाली आली.