नावाडी

औलूत दुपारी अडीचलाच अंधारतं.
इल्मारी ड्रॅगनचे सात खोडून पाच करतो.
वेन्ला म्हणते, तरी जड आहे.
चार कर. शेपूट हवी तेवढी लांब ठेव.

नावाड्याला मात्र तो खोडरबर लावत नाही.
टाकलेल्या ढिगातलं कुठलंही पान
परत हातात आणतो. किंमत तीन.
अकरा डाव झाले, अकराही त्याचेच.

"अरे, यात कुणी मरतच नाही,"
वेन्ला पत्ते आपटते, "मग खेळायचं कशाला?"

चित्रातली टोपी बाबांची.
दोघांनाही ओळखू येते. विषय कुणी काढत नाही.

बऱ्याच वेळानं तो बारीक अक्षरात एक ओळ वाढवतो:
आणलेलं पान फेरी संपताच परत जाईल.

वेन्ला वाचते. पुन्हा वाचते.
"किंमत दोन कर," म्हणते.
"एवढ्याशासाठी तीन जास्त होतात."