किमान सहा

नियम वरून आलाय, जिल्ह्याच्या कचेरीतून:
प्रौढांच्या उन्हाळी कार्यक्रमाला
किमान सहा माणसं.
सलग दोन आठवडे पाचच भरली
तर खुर्च्या मिटून तळघरात.

माझ्या मुठीत मोजणीचं लोखंडी यंत्र.
अंगठ्याखाली एक टिच, एक माणूस.
कॅन्ससच्या या गावात जुलैपर्यंत
गव्हाची कापणी उरकलेली असते,
आणि दुपारी रस्त्यावर
धान्याच्या कोठाराची सावली सोडली
तर कुणी नसतं.

सोमवारी टोमॅटोवरचे रोग. तेवीस जण आले,
रोगट पानं घेऊन, पिशव्यांत, डब्यांत,
एक बाई तर टोपीत,
आणि बारशाला जमल्यासारखे
एकमेकांच्या डागांवर वाकून राहिले.
मंगळवारी सुऱ्या-कात्र्यांना धार. अकरा.
दाराला पाटी लावावी लागली:
सुऱ्या कागदात गुंडाळून आणाव्यात.

बुधवारचा वर्ग माझा.
माझीच हौस, फेब्रुवारीत सुचलेली,
बर्फ पडत असताना माणसाला काहीही सुचतं:
स्वतःचा मृत्युलेख स्वतः लिहा.
कागद-पेन ग्रंथालयाचं. लिंबू सरबत मिळेल.

पहिल्या बुधवारी नऊ. दुसऱ्या सात.
वर्ना स्टकी म्हणाली, माझं तीन ओळींत आटपलं,
आता पुढच्या आठवड्यात काय करू?
ड्वेन ओल्ब्रिचनं चाळीस वर्षांतले
सगळे ट्रॅक्टर लिहिले, सालांसकट.
बायको राहून गेली.
"तिनं वाचलं तर?" मी विचारलं.
"ती आधीच गेलीय," तो म्हणाला,
आणि समासात नाव लिहून
बाणानं तिला आत घेतलं,
हिरव्या ट्रॅक्टरच्या अलीकडे.

तिसऱ्या बुधवारी पाच.
चौथ्या बुधवारी, बाहेर एकशे सहा अंश,
सात वाजून दहा मिनिटांनी
पुन्हा पाच.

मागच्या कोपऱ्यात, एसीच्या झोताखाली,
तो होता. रोज असतो.
लायल पेनर. रेल्वेत होता म्हणतात.
घरचा एसी जूनमध्ये गेला तेव्हापासून
आमच्याकडे गारव्याला येतो.
मांडीवर बोटींचं मासिक,
नऊ दिवस त्याच पानावर.
कॅन्ससमध्ये, बोटी. असो.
झोपलेला. तोंड किंचित उघडं.

झोपलेला माणूस आला असं धरायचं का?
नियमपुस्तिका काढली.
मुलं धरू नयेत. कर्मचारी धरू नयेत.
कुत्री धरू नयेत
(कुणीतरी धरली असणार कधीतरी).
झोपेबद्दल चकार शब्द नाही.

मग पाचही जणांनी आपापल्या खुर्च्या उचलल्या,
लोखंड फरशीला लागू न देता,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ड्वेननंसुद्धा,
आणि लायलभोवती नेऊन मांडल्या.
आता वर्ग तिथं होता
आणि तो वर्गात.
टिच.

वर्ना हळू आवाजात वाचू लागली.
तीन ओळींची आता दोन पानं झालेली:
आईची विहीर, दोन बाळंतपणं, एक न सांगितलेलं,
आणि सत्तर सालच्या उन्हाळ्यात
शेतकरी हॉलमधला एक नाच,
नवऱ्याशी नव्हे.
कुणी खोकलं नाही.

"हॉल नव्हता तेव्हा," लायल म्हणाला.
त्याचे डोळे कधीपासून उघडे होते कोण जाणे.
"छप्पर एकोणसत्तरच्या वादळात उडालं.
सत्तरचा नाच असेल तर तो लाकडाच्या वखारीत."
वर्नानं चष्मा काढला.
"तू होतास?"
"बाहेर. गाड्या लावून देत होतो."
ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ,
मग हॉल खोडला
आणि वर वखार लिहिलं.

रात्री मी तक्ता भरला.
उपस्थिती: सहा.
शेऱ्याचा रकाना बोटभर असतो.
बराच वेळ पेन धरून बसले.
शेवटी लिहिलं,
सरबत कमी पडलं.