शिट्टी नसलेला कुकर

माझा महिना बावीस तारखेला संपतो.
उरलेले आठ दिवस कॅलेंडरचे.

फैजपूर. डिप्लोमाचं तिसरं सत्र.
एका खोलीत आम्ही तिघं, एक शेगडी,
आणि मला सुचलेली ही अवदसा : केक.
हेमराज म्हणाला, पाच रुपयाचा पाव खा नि झोप.
पण मला पाव नको होता,
पीठ फुगताना पाहायचं होतं.

वहीच्या मागच्या पानावर,
शिअर फोर्सच्या अर्धवट आकृतीखाली :
मैदा अर्धा किलो, बावीस.
साखर पावशेर, अकरा.
सोड्याची पुडी, पाच.
लोणी खोडलेलं, तिथे तेल.
अंडी खोडलेली, घरमालकीण माळकरी,
तिथे दही.
व्हॅनिला खोडलेला,
तिथे काहीच नाही.

केळी फुकट.
सावद्याच्या रस्त्यावर ट्रक भरतात,
फणीला डाग दिसला की बाजूला भिरकावतात,
दिल्लीला जायच्या लायकीची नाही म्हणून.
चार दिवसांत ढीग काळा पडतो.
सुपडू म्हणतो, "ने रे, ने.
ढोरं बी तोंड लावत नाही आता."

कुकर दिला वेणूबाईंनी.
गॅस्केट गेलेलं, शिट्टी कुणाच्या तरी लग्नात हरवलेली,
वरणाला निकामी.
केकला नेमका असाच लागतो
हे सांगितलं तर त्या हसल्या नाहीत,
एवढंच म्हणाल्या, "काय करून रायला तू रात्रीचं?"

तळाला वाळू, तापीची, तीनदा धुतलेली.
वाळूवर वाटी पालथी,
वाटीवर मेसच्या डब्याचा सगळ्यात खालचा पुडा.

पहिला : वर कच्चा, खाली कोळसा.
दुसरा : सोडा जास्त. साबण.
तिसरा फुगला, फुगत झाकणापाशी आला,
आणि मी झाकण उचलून बघितलं.
बसला.
तोंडी परीक्षेत मी बसतो तसा, मान खाली.

तेल संपलं.
चार दिवस खिचडी बिनफोडणीची.
गिरीधर जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचा.

चौथ्या रात्री वास जिना उतरून गेला असावा.
वेणूबाई दारात.
"जयलं?"
"अजून नाही. नुसती वाळू तापतेय."
त्यांनी कुकरवर तळवा धरला, वीतभर उंच,
मांड्यांच्या खापरावर धरतात तसा,
आणि वाळूत मैद्याची चिमूट टाकली.
टाकताक्षणी काळी.
शेगडी बारीक केली. थांबल्या.
दुसरी चिमूट : तांबडी.
आणखी थांबल्या. खाली कुणाचा तरी टीव्ही चालू होता.
तिसरी सावकाश, जणू मनाविरुद्ध,
बदामी होत गेली.
"आता ठेव. आन् उघडू नको.
मांडा बी पाह्यत बसलं का फाटतो."
मी विचारलं, किती मिनिटं?
"मिनिटं?" म्हणाल्या,
आणि खाली निघून गेल्या.

मग मी शिअर फोर्स वाचला.
खरंच वाचला, दोन पानं.
आधी तेलाचा वास, मग साखरेचा,
मग एक असा, जो आमच्या खोलीत
याआधी कधी राहायला आला नव्हता.
गिरीधर भिंतीकडून वळला.

उतरला तो उंच नव्हता.
एका अंगाला कलता, मधोमध चीर.
ड्रॉइंगची स्टीलची पट्टी धुऊन आत घातली,
कोरडी निघाली.

वेणूबाईंनी आधी देव्हाऱ्याकडे पाहिलं,
ठेवावा की नाही ठरेना,
मग उभ्या उभ्याच खाल्ला.

सकाळी सुपडूला कागदात बांधून नेला.
ट्रकच्या सावलीत त्यानं बराच वेळ चावला.
"केयी कुठी हाये यात?"
"आत. तुम्ही फेकलेलीच."
त्यानं तुकडा उन्हात धरला,
बारीक काळ्या रेषा दिसत होत्या त्यांवर अंगठा ठेवला,
"हां," म्हणाला,
आणि दुसरा तुकडा न विचारता घेतला.

त्या रात्री वहीत लिहिलं :
तीन गेले, एक जमला.
तेल पावशेर, उसनं, गिरीधरचं.