एक चमचा राख

आस्ब्योर्नने धुरीघर बंद केलं त्या शुक्रवारी
चुलाण्यातली सगळी राख मला आणून दिली,
खताच्या दोन गोण्यांत.
आल्डरच्या लाकडाची, म्हणाला,
याच लाकडावर एकतीस वर्षं हेरिंग सोनेरी केले.
आता तुला काय करायचं ते कर.

मी राख तीन पाण्यांनी धुतली.
पहिलं पाणी बुळबुळीत,
बोटांची सालं काढणारं.
तिसऱ्या पाण्याला कशाचाच वास नव्हता,
तरी मांजर भांड्यापासून हलेना.

मणी आधीच वळून ठेवले होते,
रोन्नेच्या मातीचे, वाटाण्याएवढे,
विणायच्या सुईने भोक पाडलेले,
एकदा भाजून इतके कोरडे
की जिभेला लावला तर चिकटून बसावा.

रंग मला एकच हवा होता:
धुरीतून काढल्या काढल्या
हेरिंगच्या पोटावर जो असतो.
सोनं म्हणावं तर खाली चांदी,
चांदी म्हणावं तर बोट फिरवलं की पितळ.
दुकानात डबा मिळतो, त्यावर 'मध' लिहिलेलं असतं,
आणि तो खोकल्याच्या औषधासारखा दिसतो.

पहिले नऊ: तपकिरी.
दहा ते चौदा: तपकिरीच, पण शहाणपणाचा आव आणणारे.
कोबाल्ट घातलं चिमूटभर
तर निळा असा बोंबलत आला
की बाकीचे सगळे गप्प.
तांब्याने शेवाळ दिलं. वाईट नव्हतं.
डाग्नीने ते कानात घातलेसुद्धा,
पण डाग्नी काहीही कानात घालते.
दाराच्या बिजागरीचा गंज खरवडून:
सव्वीस नंबर, वाळलेल्या रक्ताचा.
एकतीसला झिलई ओघळली, भोकं बुजली,
मणी तारेला चिकटले,
पक्कडीने तोडताना एक उडून
खिडकीच्या काचेवर आदळला.
तो टवका अजून तिथे आहे.

भट्टी मागच्या पडवीत,
जिथे वडील डुकरं ठेवायचे.
बाराशे वीस अंश, मग वाट बघणं.
अर्धं काम वाट बघण्याचं,
अर्धं, झाकण लवकर न उघडण्याचं.
मी लवकर उघडते. सत्तरी आली तरी.
गरम मणी थंड हवेत टिचकतात,
कुणी अंधारात
बारीक नाणी मोजत बसल्यासारखे.

बेचाळीस.
मार्चची पहाट, बाहेर बाल्टिक
ताटलीसारखा सपाट.
तारेवर अकरा मणी.
मी चष्मा पुसला, तार घेऊन दाराशी उजेडात गेले.
अकराही जणांच्या अंगावर
ते होतं: खाली चांदी, वर धूर,
आणि मध्ये कुठेतरी
मागून घेतल्यासारखं थोडंसं सोनं.

धावत जाऊन वही काढली.
माझ्याच अक्षरात लिहिलं होतं:
राख, एक चमचा. फेल्डस्पार, दोन.
गंज, नखाएवढा.

कुठला चमचा?

घरात चमचे निघाले एकोणीस.
आईचा चांदीचा, बाळदात उमटलेला.
फेरीबोटीवरून कधीतरी खिशात आलेला.
मोहरीचा. दांडी वाकलेला, ज्याने कोणी जेवत नाही.
त्रेचाळीस ते एकसष्ट, एकेका चमच्याचा एकेक घाणा:
तपकिरी. तपकिरी. एकदा हिरवट.
नखांचं तर विचारूच नका.

परवा आस्ब्योर्न आला.
त्याच्या तळहातावर बेचाळीसमधला एक ठेवला.
त्याने पाहिला नाही, नाकाशी धरला.
वास नाही, म्हणाला.
मग कॉफी संपेपर्यंत
बोटांत फिरवत राहिला,
मासा शिजलाय का बघताना फिरवायचा तसा,
आणि निघताना परत द्यायचं विसरला.
मीही आठवण केली नाही.

गोणीच्या तळाशी दोन ओंजळी उरल्यात.
रात्री वही उघडून लिहिलं:
बासष्ट.
चमचा नाही. मूठ.
डावी.