दम

वार्सेनिकने सगळ्यात आधी फ्रिज बंद केला
आणि गाडीची किल्ली आत ठेवली, लोण्याच्या शेजारी.
काम संपल्यावर फ्रिज चालू करायला विसरली
तर घरी जाता येऊ नये, एवढ्यासाठी.
एकदा तिचं पाच किलो मटण नासलंय.

ग्युमरीतला जानेवारी, उणे अठरा.
हीटर घुमतो, म्हणून तोही बंद.
भिंतींना रजया, दारावर गालिचा,
खालच्या बेकरीतल्या सेरोबला काल संध्याकाळीच सांगितलं होतं:
उद्या दुपारपर्यंत पीठ मळायचं यंत्र नको.
मग लोकांनी काय खायचं, तो म्हणाला, तुझी गाणी?
बारावर तडजोड झाली.

म्हाताऱ्या म्कर्तिचने औषधाच्या डबीतून
बोरूच्या तीन पत्त्या काढल्या,
एकीत दोन थेंब पाणी सोडून ती उभी करून ठेवली.
कोरडी पत्ती तोंड मिटून बसते,
जास्त भिजली तर आ वासते.
मधली वेळ कुठल्याच घड्याळात नाही, तो ओठाला लावून बघतो.

शेजारी ओनिक. वय एकोणीस, टायरच्या दुकानात कामाला.
त्याला एकच सूर धरायचाय,
पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच.
गालात हवा साठवायची, तीच सोडता सोडता नाकाने नवी घ्यायची,
सांधा ऐकू येता कामा नये.
त्या सुराला तिकडे दम म्हणतात.
आपल्याकडे दम लागतो, भरतात, देतात, कोणाला निघत नाही.
तिथे तो नुसता धरतात.

पहिल्या टेकला खुर्ची करकरली.
दुसऱ्याला म्हाताऱ्याच्या मनगटावरचं घड्याळ (तेही मग फ्रिजात गेलं).
तिसरा मला तरी चांगला वाटला असता.
चौथ्यात म्कर्तिच मध्येच थांबला, ओनिककडे वळून म्हणाला,
तू माझ्यामागे येतोयस.
तू कुठेही यायचं नाही.
मी भटकून परत येतो ते कुणाकडे, मग?

काचेपलीकडे वार्सेनिक काही बोलली नाही.
बाहेर आली. चहा ओतला. लाल दिव्याचा बल्बच काढून खिशात टाकला.
ओनिकची खुर्ची वीतभर पुढे सरकवली,
पोराचे फुगलेले गाल म्हाताऱ्याला दिसतील इतकी,
आणि जर्दाळूच्या लाकडावरचा माइक
बोटभर वर, फुंकेच्या वाटेतून बाजूला.
अकरा बेचाळीस.

पाचवा टेक सात मिनिटांचा.
त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.
एवढंच, की म्हातारा थांबल्यावर
ओनिकला कळलं नाही थांबायचं कधी,
तो एकटाच सूर धरून राहिला
चार सेकंद, पाच,
डोळे मिटलेले, कान लाल.
कुणीही ते कापलं असतं.
वार्सेनिकने नंतर फक्त त्या शेवटाला हात लावला नाही.

बारा. खाली यंत्र सुरू.
ओनिक पळाला, दुकानात दोन ट्रक थांबलेले.
म्कर्तिचने पत्त्या पुसल्या, घड्याळ मागितलं,
थंडगार काच कानाला लावली, हसला नाही.

गाडीजवळ जाऊन वार्सेनिकने खिसे चाचपले.
एक बल्ब.
परत तीन जिने.
किल्लीला लोण्याचा वास.
तिने बटण दाबलं, फ्रिजने घसा खाकरला
आणि सूर लावला.
ती तशीच उभी राहिली, एक हात दारावर.
ओनिकपेक्षा किंचित उतरलेला.